औषधाचा अंश

सकाळी इमारतीच्या सांडपाण्याची झडप तिसऱ्यांदा आपोआप बंद झाली आणि बाराही घरांच्या मोऱ्या तुंबल्या. पालिकेचे अभियंते मुल्ला झडपेला जोडलेल्या, पाणी तपासणाऱ्या यंत्रावरचा आकडा पाहून थेट वत्सलाबाईंच्या दारात आले.

"काकू, काकांच्या कॅन्सरच्या गोळ्यांचा अंश पाण्यात उतरतोय. नदीत औषध सोडायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून यंत्र झडप बंद करतं."

"अहो, मी त्यांची लघवी बाटलीत धरून ठेवते."

"कपडे धुतले तरी घामातून उतरतो. त्यांना हॉस्पिटलात ठेवा, तिथे वेगळी टाकी असते."

"खाट नाही म्हणून हॉस्पिटलवाल्यांनीच घरी पाठवलंय. तुम्ही उघडा ना झडप!"

"ती माणसाला उघडताच येत नाही, काकू."

जिन्यात शेजारी बादल्या घेऊन उभे होते. कोणी वाईट बोललं नाही. आत पलंगावर वत्सलाबाईंचे यजमान दिगंबरराव सगळं ऐकत होते.

त्या दिवसापासून त्यांनी गोळी घेतली नाही. वत्सलाबाई रडल्या, भांडल्या, पण ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. चौथ्या दिवशी दुपारी झडप उघडली आणि मोरीतलं पाणी खळखळत निघून गेलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी आनंदानं ओरडलं. वत्सलाबाई गोळ्यांची पट्टी मुठीत धरून पलंगाच्या कडेला बसून होत्या.