पाण्याचा दिवस

“लांबच्याच पार्कला जाऊ,” सुकन्या म्हणाली, आणि चहा पीत बसलेली सगळी माणसं तिच्याकडं बघायला लागली. घरातल्या कुठल्याही बेतात ती कधी मत देत नसे. भाजी कुठली करायची हेसुद्धा ती चौघांना विचारून ठरवायची.

बेत रविवारचा होता आणि वॉटर पार्क दोन होते. एक अक्कलकोट रोडला, अर्ध्या तासावर. सकाळी जायचं, पाण्यात डुंबायचं, दुपारी जेवायला घरी. दुसरा पार नातेपुत्याच्या पुढं. तिकडं जायचं तर उजाडायच्या आत निघायला हवं, आणि परत यायला रात्र. पण तिथं समुद्रासारख्या लाटा होत्या. धाकटा दीर युवराज जवळच्या पार्काच्या बाजूचा, कारण त्याला संध्याकाळची मॅच बघायची होती. नवरा जोतिराम कुठल्याच बाजूचा नव्हता. गाडी चालवायची एवढंच त्याला माहीत.

सुकन्यानं मोबाईलवर लाटांचा व्हिडिओ लावला आणि पोरांच्या हातात दिला. “जवळच्यात काय आहे? दोन घसरगुंड्या. त्या तर बागेतपण आहेत की.” पोरांनी घर डोक्यावर घेतलं. युवराजची मॅच तिथंच संपली.

खरं म्हणजे सुकन्याला दोन्ही पार्कांशी काही देणंघेणं नव्हतं. रविवारी पाणी होतं. भवानी पेठेत चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, आणि येतं त्या दिवशी घरात कुणीतरी थांबावंच लागतं. मोटर लावायची, हौद भरायचा, मग पिंपं, मग घागरी. लग्न होऊन आल्यापासून हे काम सुकन्याचं. गेल्या उन्हाळ्यात सगळे एका लग्नाला गेले, सासूबाईसुद्धा, आणि पाण्यासाठी ती एकटी मागं राहिली. पाणी भरून झालं, आणि मग दिवस मावळेपर्यंत कुणी “सुकन्या” म्हणून हाक मारली नाही. तिनं दोन बादल्या घेऊन डोक्यावरून अंघोळ केली. कडक भाकरी मोडून शेंगाचटणी थेट बरणीतून खाल्ली. मग बाहेरच्या खोलीत, ऐन मधोमध, पंख्याखाली केस मोकळे टाकून आडवी झाली आणि काही म्हणजे काही केलं नाही. लग्नाहून परतलेल्या सासूबाईंनी तिचे मोकळे केस पाहिले, उघडी बरणी पाहिली आणि “जेवलीस का?” एवढंच विचारलं.

तिचं कुणाशी वाकडं नव्हतं. माणसं चांगली होती, नवरा चांगला होता. तरी तो दिवस तिनं वर्षभर मनात जपून ठेवला होता. असा आणखी एक मिळावा म्हणून आज ती लाटांची जाहिरात करत होती, आणि तिची तिलाच लाज वाटत होती. हे सांगणार तरी कुणाला? चांगल्या माणसांचाही कंटाळा येतो, असं बोललं तर लोक काय म्हणतील!

“मी न्हाय येत,” कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या. तानाबाईंचं बोलणं नेहमी असंच, तुटक. “त्या पाण्यात माझं काय काम? गुडघं दुखत्यात.”

सुकन्याचा चेहरा उतरला. धाकट्या जावेचा, अंकिताचा, मात्र फुलला.

“मग तर झालंच की! आत्या मोटर लावतील, पिंपं भरायला शेजारच्या दाक्षायणीकाकूंना बोलवू. ताई, दरवेळी तुम्हीच अडकता. ह्या वेळी तुम्ही चलायचं म्हणजे चलायचं.”

अंकिता मनानं इतकी चांगली, की तिला नाही म्हणायची सोय नव्हती. “चल की,” जोतिरामही म्हणाला. लेक आरोही येऊन गळ्यातच पडली. सुकन्या “बरं” म्हणाली आणि कप गोळा करायला उठली. तानाबाई तिच्याकडं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी अंकितानं तिच्यासाठी पोहायचा पोशाख आणला. काळा, लांब बाह्यांचा. सुकन्यानं तो हसून घेतला आणि पिशवीच्या तळाशी ठेवला.

रविवारी अंधारातच गाडी दारात उभी राहिली. डबे चढले, पोरं चढली. तेवढ्यात ठेवणीतलं लुगडं नेसून, काठी टेकत तानाबाई बाहेर आल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

“आत्या, तुम्ही कुठं?” अंकितानं विचारलं.

“लाटा बगाया.”

“आणि पाणी?”

“सुकन्या भरंल की. त्या दाक्षायणीला आपल्या मोटरीतलं काय कळतंय?”

अंकिताच्या डोळ्यांत पाणी आलं. “आत्या, हे बरोबर नाही. ताईंनी किती हौसेनं तयारी केली होती.”

“आई, निदान आजच्या दिवस तरी…” जोतिराम म्हणाला.

“तू गाडी काढ.”

म्हातारी एवढी दुष्ट असेल असं त्या गाडीत कुणालाच वाटलं नव्हतं. सुकन्या मान खाली घालून उभी होती. तोंडावरचा आनंद कुणाला दिसू नये, एवढीच तिची धडपड चालली होती. “असू दे,” ती कशीबशी म्हणाली, “थांबते मी.” तो आवाज ऐकून अंकिताला आणखीच भरून आलं.

जोतिरामनं गाडी सुरू केली. तानाबाईंची शाल द्यायला सुकन्या खिडकीशी गेली, तर त्यांनी शालीसकट तिचा हात धरला आणि तिला जवळ ओढलं. इंजिनाच्या घरघरीत तिला एकटीलाच ऐकू जाईल, एवढ्याच आवाजात त्या बोलल्या.

“चटणीची नवी बरणी वरच्या फळीवर ठिवलीया. दाराला आतनं कडी लाव. तू ह्या घरात यायच्या आदी पाण्याला मीच थांबत हुते.”