लेकीची बाटली

बुडुक. सकाळच्या शांत घरात पाण्याच्या जारनं माझी चुगली केली.

तोंडाला दाढीचा फेस तसाच घेऊन नवरा स्वयंपाकघरात आला. माझ्या हातात लेकीची शाळेची बाटली. "मॅडम, काल चौकात तुम्हीच सांगत होतात ना, आता जार बंद करा म्हणून?"

सांगत होते खरं. जुन्या कारखान्याचं रसायन जमिनीत मुरून शहराच्या विहिरींत उतरलं होतं. सहा वर्षं आमच्या जलशुद्धीकरण केंद्रानं ते पाणी उपसून, कोळशातून गाळून साफ केलं. सगळे अहवाल चांगले आले. काल नळ सुरू झाल्यावर पहिला पेला मीच सगळ्यांसमोर गटागटा प्यायले.

"सवयीनं हात गेला," मी म्हणाले.

"मग हातालाही अहवाल दाखव." त्यानं नळाचं पाणी पेल्यात घेतलं आणि फेसासकट पिऊन टाकलं. "चांगलं झालंय गं."

मी बाटली रिकामी करून नळाखाली धरली, पण नळ उघडायला हात काही धजेना.

दारात लेक डोळे चोळत उभी होती. "आई, ते पाणी फक्त मोठ्यांसाठी साफ केलंयस का?"