बघायला मनाई

लीलाबाईनं फोनवर बोट दाबलं, पुन्हा दाबलं. काळ्या पडद्यावर नुसती एक ओळ येत होती.

"जुईली, हे काय लिवलंय बघ गं. माझा पियूष दिसंना."

जुईली नेरे गावात लीलाबाईच्याच घरी, वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. नांदेडची पोरगी, हिंजवडीत एका कंपनीचं कायद्याचं काम बघायची. तिनं ओळ वाचली आणि तिचा चेहरा मोकळा झाला.

"व्हिडिओ काढून टाकला काकू. मी तक्रार केली होती."

लीलाबाईला काही उमगेना. पियूष परदेशी गोदामात काम आहे म्हणून गेला, एजंटानं त्याला तिथल्या फौजेत घातलं आणि समोरच्या फौजेनं त्याला पकडलं, एवढं तिला ठाऊक होतं. मग बरेच दिवस काहीच नाही. गेल्या आठवड्यात हा व्हिडिओ आला. हात मागं बांधलेले, एक डोळा सुजून मिटलेला, ओठ हलतायत. कुणीतरी वर गाणं चढवलं होतं, त्यात त्याचं बोलणं बुडून गेलं होतं. पण पोरगा जिवंत होता. सकाळी उठली की ती आधी त्याला बघायची, मग चहा टाकायची.

"कशापायी काढला?"

"लढाईत पकडलेल्या माणसाचं असं प्रदर्शन मांडता येत नाही, काकू. त्याला मारता येत नाही, आणि त्याचे हाल असे लोकांपुढं दाखवताही येत नाहीत. सगळ्या देशांनी मिळून केलेला कायदा आहे. हिंजवडीच्या स्टॉपवर पोरं हसत होती हा व्हिडिओ बघून."

"मग आता मारायचं थांबलं का?"

जुईलीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्यासाठी रेडक्रॉसला लिहिलंय. दिल्लीलाही. अजून उत्तर नाही."

"म्हंजी मारायचं ते मारतीलच. फकस्त मला दिसायचं न्हाई."

खाटेवर तिचा नवरा एकनाथ बसला होता. "व्हिडिओ गेला ते बरं झालं," तो म्हणाला. "माझ्या पोराचं तसलं तोंड समद्या गावानं बघायचं?"

लीलाबाईनं नवऱ्याकडं बघितलं, मग जुईलीकडं. दोघंही पियूषच्याच बाजूनं बोलत होती. तरी घरातून कुणीतरी त्याला पुन्हा उचलून नेल्यासारखं तिला वाटत होतं.

"तुझ्यापाशी ठेवला असशील की."

"आहे. गाण्याशिवायचा, मूळचा. पुरावा म्हणून." जुईली अडखळली. "पण काकू..."

"त्या कायद्यात आईला बघाया चालतं का?"

ते कलम जुईलीनं कितीदा तरी वाचलं होतं. "मला माहीत नाही, काकू," ती म्हणाली आणि तिनं फोन पुढं केला.

लीलाबाई उठली. तिनं दार लावलं, खिडकीचा पडदा ओढला. एकनाथला म्हणाली, "तुमी तिकडं त्वांड करा." तो भिंतीकडं वळून बसला. मग ती खाली बसली, पदर सारखा केला आणि मान हलवली. जुईलीनं व्हिडिओ लावून फोन तिच्या हाती दिला. फोनचा पडदा उजळला मात्र, लीलाबाईनं फोन मांडीवर पालथा घातला आणि वर हात ठेवला. "आधी त्यो काय बोलतो ते ऐकू दे."

हाताखालून पियूषचा आवाज आला. समोर धरलेला कागद वाचावा तसा, एकेक शब्द सुटा.

"आई, मला इथं काही त्रास नाही. कुणी मारत नाही. पोटभर जेवायला देतात."

एकनाथचे खांदे हलले. "ऐकलंस का," तो भिंतीकडं बघतच म्हणाला. "चांगलं ठेवलंय म्हनतोय."

"त्याचं खरं-खोटं मला त्याच्या तोंडाकडं बघूनच कळतं," लीलाबाई म्हणाली.

तिचा हात मात्र तसाच फोनवर दाबलेला होता. व्हिडिओ संपला आणि आपोआप पहिल्यापासून सुरू झाला. आई, मला इथं काही त्रास नाही.