फलाटावरची मिठी

"आजी, ही मिठी बनावट आहे," ओहायोतल्या चित्रफीत-संग्रहालयात हेमांगी थकल्या आवाजात म्हणाली. सकाळपासून महापुराचे, युद्धाचे जुने वार्तापट पाहून तिचे डोळे चुरचुरत होते. "तुमच्या आईचं सगळं लक्ष कॅमेऱ्याकडे आहे. असल्या फिती आम्ही टाकून देतो."

पडद्यावर १९४३ सालचा रेल्वे फलाट होता आणि आईच्या मिठीत गणवेशातला तरुण. त्याची धाकटी बहीण लॉरेटा, आता नव्वदीची, हेमांगीच्या शेजारी बसली होती.

"बनावटच आहे. खरी मिठी कॅमेरावाल्याची टिपायची हुकली, म्हणून त्याने दोघांना पुन्हा मिठी मारायला लावली. आई काय चिडली होती!"

"मग ठेवायची कशाला?"

"भाऊ परतलाच नाही. नंतर आई म्हणायची, त्या मेल्या कॅमेरावाल्यामुळे मला एक जास्तीची मिठी मिळाली."

हेमांगीने नोंदीत 'जतन करावी' असे लिहिले. "अजून एकदा लावू, आजी?"