चार पायऱ्या

एकतीस वर्षं. दोनशे दोन सेंटिमीटर.

गाईंना बुधवार कळत नाही.

पर्थच्या क्लबने रॉसच्या बदल्यात फारच थोडं मागितलं होतं.

पायऱ्या चारच होत्या.

न प्यायलेल्या चहावर साय धरते.

*

"रॉस, जरा गोठा दाखव ना," पायऱ्यांच्या खाली उभी राहून जोआन हॅनिगन म्हणाली.

गोठ्यात तिला काडीचा रस नव्हता. मेलबर्नच्या एका ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबसाठी खेळाडू पारखून घेणं हे तिचं काम. चढताना गुडघा खोटं बोलू शकतो, उतरताना नाही, हे ती बावीस वर्षांत शिकली होती. आणि रॉससारख्या रकमनचा आधी गुडघाच जातो. मैदानाच्या मध्यावर चेंडू उसळला की दोन ताडमाड माणसं एकमेकांच्या अंगावर झेप घेतात. गुडघ्यावर गुडघा. वर्षानुवर्षं.

रॉस ट्रेम्बाथ दारात उभा होता, चौकटीखाली मान वाकवून. त्याने तिच्याकडे पाहिलं, पायऱ्यांकडे पाहिलं. मग डाव्या पायावर लंगडी घालत चारही पायऱ्या उतरला. वळला. उजव्या पायावर लंगडी घालत वर गेला, आणि तसाच पुन्हा खाली आला.

"झालं समाधान? तुझ्याआधी एकजण येऊन गेला. त्याने मला ट्रॅक्टरवर चढायला लावलं."

"मग?"

"चढलो. कसं चढायचं ते दाखवायला आधी तो स्वतः चढला होता. त्याला उतरवायला शिडी आणावी लागली."

जोआन हसली नाही. "मग त्याने तुला घेतलं का नाही?"

"त्याचा फोन आला नाही."

का आला नाही?

*

खेळाडूंची अदलाबदल आज, बुधवारी, संध्याकाळी साडेसातला बंद होणार होती. नव्या पोरांच्या निवडीतला आपला चोविसावा क्रमांक द्यायचा आणि रॉस घ्यायचा, एवढाच सौदा. इतका चांगला रकमन इतक्या स्वस्तात कोण सोडतं? घरचं कारण आहे, पर्थवाला फोनवर म्हणाला होता. वडिलांजवळ राहायचंय त्याला.

घरचं कारण जोआनने आजवर एकेचाळीस वेळा ऐकलं होतं. त्यातली तीन खरी निघाली.

दोन वर्षांपूर्वी तिने आणलेला माणूस दोन सामने खेळला आणि घोटा धरून बसला. "पुन्हा असलं लंगडं घोडं आणलंस, तर त्याच्याबरोबर तूही घरी," अध्यक्ष म्हणाले होते. हसत म्हणाले होते.

सौदा झाला नाही तर रॉसला आणखी दोन वर्षं पर्थ. वडिलांचं हे शेत मेलबर्नच्या बाजूला; इथून पर्थ विमानाने चार तास.

रॉसच्या बुटांवर ताजं शेण होतं. मुद्दाम लावलं असेल, तिला वाटलं.

*

स्वयंपाकघरात रॉसचे वडील मरे टेबलाशी बसले होते. खोलीत उबदार होतं, तरी अंगात जाड कोट, दोन्ही हात खिशात. जोआनने हात पुढे केला. तो तसाच हवेत राहिला.

माणसाला हात द्यायला जड का जावं?

रॉसने तिघांसाठी चहा ओतला. स्कोनचे छोटे पाव कापले, वडिलांच्या बशीतल्या स्कोनला लोणी लावलं.

"तुमची तब्येत कशी आहे, मरे?"

"मला काय धाड भरलीय?"

"नाही, रॉसला तुमच्याजवळ राहायचंय म्हणून—"

"ह्याला कुणी बोलावलंय इथं? पंचेचाळीस वर्षं मी धारा काढतोय, बाई. दोनशे गाई. हा उंट गोठ्यात शिरला की अर्ध्या गाई दूध चोरतात."

"बाबा—"

"तू गप रे. सांग ना तिला खरं काय ते. तिकडं तुझं कुणाशी तरी बिनसलंय. मी ठणठणीत आहे."

रॉसची मान लाल झाली. तो खिडकीबाहेर बघत राहिला. जोआनने ती मान नीट पाहून घेतली. पकडला गेलेला माणूस असाच लाल होतो.

तिने कप संपवला. रॉसनेही संपवला. म्हाताऱ्याने चहाला तोंड लावलं नाही, स्कोनलाही नाही. आपल्यासमोर खायचीसुद्धा इच्छा नाही ह्याची, ती मनात म्हणाली.

*

गाडीपाशी तिने सरळच विचारलं. "रॉस, शेवटचं विचारते. घरचं कारण काय आहे?"

तो काही बोलणार होता. मग त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकी उघडी होती.

"बाबा म्हणाले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग तेच."

फाटकाबाहेर येऊन तिने गाडी थांबवली आणि क्लबला फोन लावला.

"नको. सोडून द्या त्याला."

"का? गुडघा?" पलीकडून प्रशिक्षकाने विचारलं.

"हो."

"काय दिसलं?"

"काहीच दिसलं नाही. म्हणून तर."

गाडीच्या आरशात रॉस दिसला. एका ढांगेत दोन पायऱ्या, दुसऱ्या ढांगेत उरलेल्या दोन. आत गेला.

*

मरे ट्रेम्बाथना एप्रिलपासून चमचा धरता येत नव्हता.