देव्हाऱ्यातली बाटली

लातूरला टँकर सुरू होते त्या दुष्काळातली गोष्ट. दंड पिळदार व्हावेत म्हणून आमचे हे दर मंगळवारी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेत, आणि मी ती बाटली आधी देव्हाऱ्यात ठेवून कुंकू लावत असे. तिथंच रेणुकामातेकडे मूलही मागत होते. मूल राहीना म्हणून तपासणीला गेलो, तेव्हा यांचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “टँकर दारात आल्यावर हापसा कोण हापसतं? बाहेरून हार्मोन मिळालं, की मेंदू शरीराला म्हणतो, तू बस आता. मग शुक्राणूही तयार होत नाहीत. इंजेक्शन थांबवा, हळूहळू सुरू होईल.” परतताना हे हळूच म्हणाले, “म्हंजे तू अडचणीलाच कुंकू लावून राहिली होतीस.” मला हसू आवरेना. पुढच्या मंगळवारी बाटलीच्या जागी रेणुकामातेच्या माहूरचा नवसाचा छोटा लाकडी पाळणा ठेवला. “इतक्यात?” हे लाजले. कुंकू लावत मी म्हणाले, “असू द्या. शरीराला बी कळू द्या, आता कामाला लागायचंय.”