दीड किलो

मुलांचं वजन आटोक्यात ठेवायचा शाळेचा उपक्रम दुसरीच्या बाईंनी अगदी मनावर घेतला होता. पाकिटातला खाऊ बंद! कुणी तो आणला तर नाही ना, हे बघायला त्या रोज सकाळी दप्तरं धुंडाळायच्या. दोन महिन्यांनी वर्गातली सगळ्यांत गुबगुबीत मुलगी काट्यावर उभी राहिली, तर वजन चक्क दीड किलोने उतरलेलं. बाईंना कोण आनंद झाला! त्यांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं.

"सांग बरं सगळ्यांना, हल्ली डब्यात काय आणतेस?"

पोर ओशाळली. बाईंच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली,

"काहीच नाही, बाई. आई पहाटेच कामाला जाते. पाकीट मला फोडता यायचं. गॅसपर्यंत माझा हात अजून पोचत नाही."